भुऱ्याची तपासणी

देवळीच्या भैय्याजींच्या कुत्र्याच्या, भुऱ्याच्या, पोटात गाठ निघाली. ऑपरेशन मोठं आणि भुऱ्या म्हातारा, त्यामुळे घरात वादच पेटला.

"ओसरीची पायरी चढवत नाई त्याले, उचलून घ्या लागते. अन् तुमी त्याचं पोट फाडाले निघाले!" प्रमिलाबाईंनी नवऱ्याला सुनावलं. भुऱ्याला हातानं दूध-पोळी भरवताना भैय्याजींचाही धीर सुटला. शेवटी ठरलं, डॉक्टरांनी घरी येऊन तपासावं आणि त्याला झेपेल का ते सांगावं.

दरवर्षी सुई टोचणाऱ्या डॉक्टरांची फटफटी फाटकाशी थांबली. ओसरीवर निपचित पडलेला भुऱ्या ताडकन उठला आणि कमरेएवढी भिंत कुदून पसार झाला.



डॉक्टर गाडीवरून उतरलेच नाहीत. "तपासून झालं, भैय्याजी. ऑपरेशन झेपते त्याले. तुमी फक्त पकडून आना!"