पेल्यावरचा चमचा

"या नेटले काय धाड भरली कोन जाने! लेकीसंगं दोन शब्द धड बोलू देत नाही," सिंधूताई कुरकुरल्या. स्पीकरवर लावलेला मोबाईल तोंडाजवळ धरूनच कुरकुरल्या, म्हणजे पुण्याला समताला नीट ऐकू जावं.

कुरकुर खोटी होती. रविवारची सकाळ, जानेफळात नेट बऱ्यापैकी चालू होतं. समोर खाटेवर शंकरराव उशीला टेकून बसले होते. गळ्याला पांढरी पट्टी. दीड महिन्यापूर्वी संभाजीनगरला ऑपरेशन झालं, त्यात गाठीसोबत आवाजाची पेटीही गेली. समताला सांगितलं होतं, लहानशी गाठ होती, निघाली.

"बाबाले दे ना फोन."

"देल्ला व बाई. बोलूनच राह्यले ते. तुह्यापर्यंत येत नाही त्याले मी काय करू?"

"टॉवरच डब्बा हाये, ताई," दारातून अश्वजित ओरडला. मेहकरला त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे घरात नेटबद्दलचं खोटं त्याच्याच खात्यात होतं. समता व्हिडिओ लावा म्हणाली, की तो म्हणायचा, ओढत नाही. येऊन जाते म्हणाली, की सिंधूताई म्हणायच्या, सुट्टी लग्नाले ठेव.

समताचं लग्न पाच आठवड्यांवर आलं होतं. शंकररावांनी अर्ध्या तालुक्यातली लग्नं लावली होती. त्रिशरण, पंचशील, मंगलगाथा, सगळं माईकशिवाय, मांडवाच्या शेवटच्या रांगेपर्यंत. "माह्या लग्नात गाथा बाबाच म्हनतील," असं समताने सातवीत असतानाच ठरवून टाकलं होतं. दवाखान्यातून आल्यावर शंकररावांनी पाटीवर लिहिलं, 'लग्न होईपर्यंत तिले सांगू नका.' पण गाथा तर लग्नातच म्हणायची होती. त्याचं उत्तर पाटीवर नव्हतं, आणि विचारायची कोणाची छाती झाली नाही.

आणखी एक अडचण होती. समता पुण्यात इंटरनेटवरून बोलायचं ॲप बनवणाऱ्या कंपनीत होती. आवाज तुटू नये, हेच तिचं काम. खोटं बोलायला घरच्यांनी नेमका तिचाच विषय निवडला, आणि तिने तो मनावर घेतला. ऑफिसचं चाचणीचं ॲप तिने घरच्या मोबाईलवर टाकायला लावलं. तेव्हापासून दर रविवारी ती एवढंच करत होती. बाबांचा आवाज कुठे अडतो ते शोधत होती.

दोन रविवारांपूर्वी तिने आईला समजावून सांगितलं होतं. "हे पाह्य, मी बोलली का तुहा फोन माह्या फोनले निरोप धाडते. एवढं पोचलं, एवढं सांडलं. त्या अंदाजानं माहा फोन आवाज कमी-जास्त सोडते. पन आपल्या गावाचा रस्ता अरुंद. निरोपच लय झाले त बाबाच्या आवाजाले जागा उरत नाही. अन् निरोप कमी केले त इकडे समजतच नाही, का तिकडे सांडून राह्यलं म्हनून."

"म्हंजे घासाघासाले 'मीठ बरं हाये का' विचारलं, त मानूस जेवीन कधी?" सिंधूताई म्हणाल्या. "अन् विचारलंच नाही, त आळनी जेवून उठीन."

"हाव! अगदी तसंच!" समता किती तरी वेळ हसत होती.

तेव्हा खाटेवर टक वाजलं होतं. पेजेच्या चमच्याने स्टीलचा पेला वाजवायचा चाळा शंकररावांना ऑपरेशननंतर लागला होता. एरवी नाही, नेमकं समताचा फोन असला की. ती बोलायची, हे टक. ती बोलायची, हे टक. पूर्वी फोनवर दर वाक्याला "हाव" म्हणत बसणारा माणूस. टकटक समताला ऐकू जाईल, ही सिंधूताईंना धास्ती. दोनदा त्यांनी पेला उचलून नेला, तर ते औषधाच्या बाटलीवर वाजवू लागले. पण त्या रविवारपासून टकटक आपोआप कमी झाली. चार-पाच वाक्यांनी एखादी. हात दुखत असेल, असं सिंधूताईंना वाटलं.

"आई, आज जमलं," आता समता म्हणत होती. "किती निरोप पाह्यजेत त्याचा बरोबर मेळ बसला. तुह्याकडचं सगळं ऐकू येऊन राह्यलं. कुकर, कोंबड्या, अश्वजितची चप्पल घासायची सवय. एकच खोट राह्यली. मधातच टक असं काही तरी वाजते. आधी लय वाजे, आता कमी झालं. मले वाटते, बाबाचा आवाज त्याच्याखालीच दबून राह्यला."

अश्वजित दारातून आत आला.

"नुसतं एक बटन हाये. खटखट गाळून टाकते ते, मंग पुन्हा येनार नाही. टाकू गाळून?"

"टाक ताई, टाक!" अश्वजित घाईने म्हणाला.

सिंधूताईंनी खाटेकडे पाहिलं. एवढं झालं की पकडलं जायची भीतीच नव्हती. शंकररावांनाही ते कळलं असावं. त्यांनी चमचा पेल्याशेजारी ठेवला. आवाज होऊ नये म्हणून आधी त्याखाली रुमालाचं टोक सरकवलं, मग ठेवला. आणि हात मांडीवर घेऊन ते मोबाईलकडे बघत बसले.

"आई? ऐकू येते ना? गाळू?"

"नको गाळू, समता," सिंधूताई म्हणाल्या. "आवाजाची पेटीच काढली व त्यांची. ते वाजते ना, ते तुह्या बाबाचं 'हाव' हाये."