आतल्या खोलीतला डाव

“आलं का इंटरनेट?” मास्तरीणबाईंनी बाहेरच्या खोलीतून विचारलं.

“नाही,” घड्याळजी आतल्या टेबलाखालून म्हणाले. आवाज अगदी रडकुंडीला आलेला.

पाच वाजता बाईंच्या बुद्धिबळ स्पर्धेचा शेवटचा सामना होता, इंटरनेटवर, परमुलखातल्या कुणा दंतवैद्याशी. आणि पाचलाच घड्याळजींचे जुने दोस्त पडद्यावर गप्पांना जमणार होते. नवराबायकोच्या या घरात कॉम्प्युटर दोन, दोन्ही म्हातारे, आणि इंटरनेट एकट्या बाहेरच्या खोलीतल्याला. असा पेच पडला की खुर्चीवरून उठायच्या त्या बाईच. “बसा तुम्ही. माझं काय, पुन्हा कधीतरी.” मागच्या स्पर्धेत तर त्या जिंकत आलेला डाव सोडून उठल्या होत्या, कारण यांना कुठल्याशा घड्याळाच्या स्प्रिंगचा फोटो तातडीने बघायचा होता. घड्याळजींना हे फार उशिरा कळलं आणि कळल्यावर फार लागलं. त्यांनी चंग बांधला, दोन्ही कॉम्प्युटर केबलने जोडायचे, बाहेरच्याने आतल्याला इंटरनेट द्यायचं, आणि बाईंनी स्वतःच्या टेबलाशी बसून डाव पुरा खेळायचा.

निळी केबल दाराच्या चौकटीवरून ठोकत नेऊन झाली होती. डोळ्याला घड्याळं दुरुस्त करायचं भिंग लावून तिच्या टोकातली एकूण एक तार तपासून झाली होती. तरी आतल्या पडद्यावरची, इंटरनेट नसल्याची लाल फुली काही हलेना. घोडं कुठे पेंड खातंय तेच कळत नव्हतं.

वैताग बाहेरच्याचा होता. घड्याळजी तो चालू करत, सगळं नीट बघून घेत, आत जात, टेबलाखाली शिरत. फुली तशीच. परत बाहेर येऊन बघावं तर हा बंद! बटण दाबलं की कुरकुरत पुन्हा चालू. त्यांनी झाकण उघडून, घड्याळं पुसायच्या नाजूक ब्रशने त्याचा पंखा साफ केला. धूळ एवढी निघाली की दोघंही शिंकून बेजार झाले. गुण मात्र शून्य.

“वय झालं गं त्याचं,” घड्याळजी म्हणाले. “जरा पाठ फिरवली की मान टाकतो.”

बाईंनी नुसता नवऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला.

पाच वाजत आले. बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि नेहमीच्या समजूतदार आवाजात सुरुवात केली, “जाऊ द्या हो. तुम्ही बोला दोस्तांशी. माझं काय, पुन्हा...”

“पुन्हाबिन्हा काही नाही!” घड्याळजी एवढ्या जोरात म्हणाले की स्वतःच दचकले. त्यांनी बाहेरचा पुन्हा चालू केला आणि तरातरा आत निघाले. दारातच आठवलं, भिंग टेबलावर राहिलं. मागे वळले.

बाई कॉम्प्युटरवर वाकल्या होत्या. दातांत जीभ धरून, माउस जपून सरकवत, त्या तो अगदी शिस्तीत बंद करत होत्या.

“अगं, हे काय चाललंय?”

कॉपी करणारी पोरं जन्मभर पकडत आलेल्या बाईंचा चेहरा आज त्या पोरांसारखा झाला. “बंद करतेय. तुम्हीच शिकवलंत ना, उठताना नीट बंद करून उठायचं, नाहीतर मशीन बिघडतं? आणि तुम्ही दर वेळी तसाच सोडून आत जाता.” मग आवाज खाली आला. “हल्ली विसरता तुम्ही. परवा नळ वाहत होता. म्हटलं, बोलून दाखवायला नको. गुपचूप करून टाकावं.”

घड्याळजी खुर्चीत बसले आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

“अगं, तुझं इंटरनेट याच्यातूनच येतं! हा बंद, की तू बंद.”

बाईंनी कपाळावर हात मारला. “म्हणजे दुपारभर मीच माझ्या पायावर धोंडा पाडून घेतेय?”

“हो. आणि मी काही विसरत नाही.”

“आणि नळ?”

“नळ विसरलो.”

बाहेरचा शेवटचा एकदा चालू झाला. दोघं श्वास रोखून आतल्या पडद्यापुढे उभे राहिले. फुली गेली. पट उमटला, सोंगट्या उमटल्या, आणि कोपऱ्यात दंतवैद्याचं नाव. घड्याळजींना लग्नानंतर एवढा आनंद कधी झाला नव्हता. त्यांनी बायकोसाठी खुर्ची ओढली आणि स्वतः बाहेर धावले.

दोस्त जमले, बोलले, जुने किस्से उगाळले. घड्याळजी हसत होते, पण कान आत होते. एकेक करून सगळे गेले, पडदा रिकामा झाला, तरी ते जागचे हलले नाहीत. मांजर टेबलाशी आलं, त्यालाही त्यांनी हाकललं. आज या बटणाजवळ कुणी फिरकायचं नव्हतं.

“मात!” आतून आरोळी आली. बाईंचा आवाज इतका चढलेला त्यांनी कधी ऐकला नव्हता.

“शाब्बास! ये गं बाहेर, बघू तरी तुझं तोंड!”

“तुम्हीच या. दंतवैद्य आणखी एक डाव मागतोय, मी काही आता उठत नाही. आणि येताना चहा घेऊन या.”

घड्याळजी उठले. सवयीने हात माउसकडे गेला, तो त्यांनी मागे घेतला. बाहेरचा कॉम्प्युटर चालू, पंखा चालू, दिवाही चालू, सगळं तसंच ठेवून ते चहा टाकायला गेले.