ग्रीशाचा हार

पद्मिनीआजींनी फोटोला झेंडूचा हार घातला, जरा मागे सरकून बघितलं, तेवढ्यात मोरेश्वरकाका त्यांच्या कानाशी येऊन फिसकारले, "अहो, काय केलंत हे?"

"काय केलं? ओक ट्री रोडवरून ताजा आणलाय."

"तिच्या लेखी तो जिवंत आहे!"

आजींचा चेहरा उतरला.

अमेरिकेत, आयसेलिनच्या सीनियर डे केअरमध्ये नऊ मेचा, रशियन लोकांच्या विजयदिनाचा कार्यक्रम होता. तिथे निम्मे आपले, निम्मे रशियन. चौऱ्याण्णव वर्षांची झिनाइदा आत्ताच भावाच्या डिव्हिजनचा इतिहास सांगून खाली बसली होती. पायदळाची डिव्हिजन, व्होल्गाकाठच्या शेतकऱ्यांची पोरं. पहिल्याच उन्हाळ्यात जर्मनांनी दूर पश्चिमेला एका नदीपाशी वेढा घातला, त्यातून मूठभर बाहेर आले. मग नवी पोरं भरून त्याच नंबराची डिव्हिजन पुन्हा उभी केली, ती थेट बर्लिनपर्यंत गेली.

फोटोतला तिचा भाऊ ग्रीशा त्या पहिल्या पोरांतला. तो मेलेला कुणी पाहिला नाही. म्हणून झिनाइदा अजून चर्चमध्ये त्याची मेणबत्ती लावते ती जिवंतांच्या बाजूला. मेलेल्यांची बाजू वेगळी असते. तिकडे ती फिरकत नाही.

हे सगळं आजींनी ऐकलं होतं, डोळेसुद्धा पुसले होते. पण काळापांढरा फोटो दिसला, डोक्यावर शिपायाची टोपी दिसली, आणि हात आपोआप गेला.

"काढा पटकन," काका म्हणाले.

पण वॉकर खडखडत आलाच. झिनाइदाने हाराला बोट लावून बघितलं.

"पद्मिनी, हे कशाला?" तिने मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये विचारलं.

आपल्या लोकांच्या टेबलावरच्या सगळ्यांनी माना इकडे वळवल्या. रेखाताईंचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला.

"आमच्याकडे ना," आजी म्हणाल्या, "लढाईवरून परत आलेल्याला हार घालतात. माझ्या चुलत्याला स्टेशनवर इतके घातले, इतके घातले, की तो दिसेचना. काकू भलत्याच शिपायाला घरी घेऊन आली."

झिनाइदा हसली नाही. आजींनी कोयनेच्या जंगलात वाघाला थालीपीठ भरवल्याची गोष्टही तिने ऐकलेली होती. ती काकांकडे वळली. काका रिटायर्ड हेडमास्तर. आजींची एकही थाप त्यांनी आजवर टिकू दिली नव्हती. वाघ तर त्यांनी भर जेवणात खोडून काढला होता.

"प्रोफेसर, तुम्ही सांगा. खरं?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आजी जमिनीकडे बघत राहिल्या.

"खरं आहे," काका म्हणाले. मग घसा खाकरून म्हणाले, "मी होतो त्या स्टेशनवर."

झिनाइदा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने सावकाश मान हलवली. वॉकर सोडला, दोन्ही हातांनी, एकही फूल चुरगळू न देता, हार फोटोवरून उतरवला आणि आजींच्या हातात दिला.

"मग आत्ता नको, पद्मिनी. फ्रिजमध्ये ठेव. तो अजून यायचाय."