उशीतली तीज

पिठाची चाळणी.

रजेचा अर्ज, नामंजूर.

लग्न फाल्गुनात.

दारामागे खडूनं लिहिलेलं: माती वर आणू नये, स्लॅब गळतो.

उसवलेली उशी.

एवढं सगळं भोवती घेऊन उर्वशी वणीतल्या भाड्याच्या खोलीत फरशीवर बसली होती. दारव्ह्याकडं, तिच्या बंजारा तांड्यावर, पोरी आज तिजेसाठी टोपल्यांत गहू पेरत होत्या. वारुळाची माती, नऊ दिवस पाणी, नऊ दिवस गाणी. दहाव्या दिवशी हिरवे तुरे मोठ्यांच्या फेट्यात. लग्न झालेल्या पोरीला तीज पेरता येत नाही. म्हणजे तिची ही शेवटची. आणि ती जिथं नर्स होती, त्या दवाखान्यानं सुट्टी दिली नव्हती.

फोनवर बाप म्हणाला होता, "मातीबिगर तीज कायची वं, बाई?" आणि फोन ठेवला होता.

उशीत आईनं भरलेला घरच्या वावरातला कापूस होता. तिनं तो चाळणीत अंथरला, वर भिजवलेले गहू पसरले, तांब्यानं पाणी घातलं. अळूच्या पानावरून पळावं तसं पाणी पळालं. पुन्हा घातलं, पुन्हा पळालं. तिसऱ्या दिवशी गहू सुरकुतले.

ओघळ कुठून येतो ते बघायला घरमालकीण विमलताई वर आल्या. बत्तीस वर्षं दवाखान्यात आया म्हणून राबलेली बाई.

"हे काय करून राह्यली वं?"

उर्वशीनं सांगितलं.

"कच्चा कापूस पाणी पेत नाही, बाप्पा! दवाखान्यातला उकळेल असते, म्हणून पेते. कापूसवाल्याची पोर, वरून नर्स! तुले पास कोनं केलं?"

त्यांनी खालून पातेलं आणि धुण्याचा सोडा आणला. कापूस तासभर रटरटला. धुऊन पिळून पुन्हा चाळणीत अंथरला, वर नवे गहू. या वेळी पाणी आत गेलं आणि आतच राहिलं.

मोड. मग सुया. मग हिरवं. संध्याकाळी तांड्यावरच्या पोरी फोनच्या पडद्यावर गायच्या, उर्वशी चाळणीभोवती एकटीच फेर धरायची. दारात बसलेल्या विमलताई चुकीच्या जागी टाळ्या द्यायच्या.

दहाव्या दिवशी दुपारी बाप आला. फुलसिंग, डोक्याला लाल फेटा, काखेत कापडी पिशवी. तो चाळणीसमोर उकिडवा बसला. पिशवी त्यानं मांडीवरच ठेवली.

चाळणी उचलून त्यानं खालून पाहिली. जाळीच्या भोकाभोकांतून पांढरी मुळं बाहेर आली होती.

"कापूस कोनाचा?"

"आपल्याच वावरातला, बापू. याडीनं उशी भरून देल्ली होती."

बराच वेळ तो मुळांवरून अंगठा फिरवत राहिला. मग त्यानं डोकं पुढं केलं.

"खोच."

उर्वशीनं तुरा खोचला.

"पिशवीत काय आणलं, बापू?"

"काई नाही," फुलसिंग म्हणाला आणि पिशवी पुन्हा काखेत धरली.

त्या दिवशी पहाटे तांड्यावरून निघताना त्यानं त्या पिशवीत वारुळाची माती भरून घेतली होती.