हिरव्या पिसांचे बाण

“काका, हे बाण या धनुष्याला चालणार नाहीत,” दुकानदार तिसऱ्यांदा म्हणाला.

काउंटरवर दोन जुड्या होत्या. एक बेताच्या किमतीची, दुसरी तिच्याही निम्म्या भावाची. दुकानदाराने स्वस्तातला एक बाण दोन्ही टोकांना धरून दाबला. छडीसारखा लवला तो.

“हे मुलांच्या हलक्या धनुष्याचे. तुमचं अठ्ठावीस पौंड ताणाचं. सुटताना हेलकावेल आणि भलतीकडेच जाईल.”

“तुटेल?” नवऱ्याने विचारलं.

“तुटणार नाही. पण नेम धरण्यात अर्थ नाही.”

“मग हेच द्या. दोन डझन.”

नवऱ्यामागे ती स्टुलावर बसून ऐकत होती. दिवसभर कपड्यांच्या दुकानात मशीनवर बसून लोकांच्या पँटी आखूड केल्या होत्या. मान आखडली होती, आणि घरी जाऊन पाठ टेकण्यापलीकडे तिला काही नको होतं. नवऱ्याने आधी बंदुकीसारखा चाप ओढून बाण सोडायचा क्रॉसबो हातात घेऊन पाहिला होता. त्याचा आखूड, जाडसर बाण दाखवत दुकानदार म्हणाला होता, यात चुकायचं म्हटलं तरी अवघड. नवऱ्याने तो लगेच खाली ठेवला. महाग असणार, तिला वाटलं.

“निदान पिसं तरी केशरी घ्या,” दुकानदार म्हणाला. “हिरवी गवतात सापडत नाहीत.”

“हिरवी स्वस्त आहेत ना?”

“थोडी.”

“मग हिरवीच.”

“अहो, घ्यायचंच तर धड घ्या की,” ती म्हणाली.

“शिकाऊ माणसाला काय करायचेत भारी बाण?”

तिने कपाळाला हात लावला. चिक्कूपणा या माणसाच्या रक्तातच होता.

पण तिने त्याला अडवलं नाही. पाणीपुरवठ्याच्या पंपावरून निवृत्त झाल्यापासून तो गॅलरीत खुर्ची टाकून बसून असायचा. वीजबिल भरायचं, तिचे रिपोर्ट आणायचे, संध्याकाळी तिला ‘चल, जरा फिरून येऊ’ म्हणायचं आणि ‘राबून आल्यावर फिरायचं कसलं’ हे ऐकून पुन्हा गप्प बसायचं. असाच खुर्चीत विरून जाईल की काय, अशी भीती तिला वाटू लागली होती. निदान हे खूळ तरी त्याला उठवत होतं.

घरामागे बंद गिरणीची लांबलचक भिंत होती. भिंतीपुढे मोकळं रान माजलेलं. तिथे त्याने पेंढ्याचा गठ्ठा उभा केला. पहिल्या संध्याकाळी बारा बाण सोडले. दोन गठ्ठ्यात घुसले, दहा भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गवतात पसरले.

“अगं, तेवढे आण ना. माझी कंबर वाकत नाही.”

“पाण्याचा कॅन उचलताना बरी वाकते.”

“तिला पाण्याची सवय आहे.”

ती गेली. हिरवं पीस हिरव्या गवतात शोधायचं म्हणजे डोळ्यांचं पाणी व्हायचं. शेवटचा बाण मिळेपर्यंत अंधारून आलं.

एक दिवसाचं काम असेल असं तिला वाटलं होतं. पण ते रोजचं झालं. कामावरून आली, चहा घेतला, की तो धनुष्य काखेत मारून दारात उभा. बारा बाण सुटायचे, ती गवत तुडवत जायची, परत यायची, की पुन्हा बारा.

“म्हातारचळ, दुसरं काय,” ती फोनवर बहिणीला म्हणाली. “बाण त्याचे, वणवण माझी.”

“मग जाऊ नकोस.”

“नाही गेले तर तो पुन्हा त्या खुर्चीत बसेल गं.”

चार महिने झाले. दमून दमून ती वाळली. कुडते सैल झाले, तिने दुपारच्या सुट्टीत स्वतःच्याच मशीनवर ते आत घेतले. रात्री आडवी झाली की मेल्यासारखी झोपायची. नवऱ्याचा नेम मात्र होता तिथेच होता.

एका संध्याकाळी शेजारचा ड्रायव्हर कुंपणावरून डोकावला. “काका, गठ्ठा इकडे आहे बरं का.” दोघंतिघं हसली. नवराही ओशाळं हसला आणि पुढचा बाण त्याहूनही लांब गेला.

ते हसणं तिला लागलं. नवरा चिक्कू असेल, हट्टी असेल, पण लोकांनी त्याला हसावं हे तिला सोसेना. तिने जादा कामाचे पैसे बाजूला काढले, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि एकटीच त्या दुकानात गेली.

“अठ्ठावीस पौंडांना चालतात ते बाण द्या. सहाच द्या, पण चांगले. केशरी पिसांचे.”

दुकानदाराने तिला ओळखलं. तो जरा घुटमळला.

“काकांसाठी? त्यांच्याकडे आहेत की.”

“कुठले? ते हिरवे?”

“नाही काकू, चांगले. पहिल्याच आठवड्यात घेतले. इथेच ठेवतात.”

तिला काही कळेना. दुकानदाराने मागचं दार थोडं उघडलं. मागे दोन भिंतींमधली अरुंद मोकळी जागा होती आणि टोकाला रंगीत वर्तुळांचा फळा. नवरा तिच्याकडे पाठ करून उभा होता. त्याने दोरी गालापर्यंत ओढली, सोडली. बाण पिवळ्या वर्तुळात शिरला. तिथे आधीचे चार होतेच. एक सुटा बाण पायाशी घरंगळला, तो त्याने सहज वाकून उचलला.

ती दाराची कड धरून उभी राहिली. चार महिन्यांची सगळी वणवण तिला आठवली आणि संताप आला.

“म्हणजे मला नुसतं पळवत होता हा माणूस?”

दुकानदाराने दार हळूच लोटून घेतलं.

“रागावू नका काकू. दुसऱ्याच दिवशी येऊन सांगितलं त्यांनी मला. डॉक्टरांनी तुम्हाला रोज तासभर चालायला सांगितलंय, आणि तुम्ही कुणाचं ऐकत नाही.”