जेल बॅटरीचा चार्जर

कोठावदेशेठ दुकानात शिरले तेव्हा लहानू एका बॅटरीची टोकं घासत बसला होता. बारा वर्षांपूर्वी याच शेठनी आपल्या गॅरेजमध्ये जेल बॅटरीला साध्या बॅटरीचा चार्जर लावला होता. बॅटरी फुगली, आणि त्यांनी भर गिऱ्हाइकांत खापर लहानूवर फोडून त्याला हाकललं. पुढे गावातलं एकही गॅरेज त्याला उभं करीना.

"काय लहान्या, दुकान टाकलंस म्हणे? जावयाच्या गाडीची बॅटरी बसलीय. ते घरी खोळंबलेत. चार्जर दे एक."

"बॅटरी कुठली?"

"जेल. चांगली महागाची आहे."

लहानूने दोन चार्जर फळीवर ठेवले. एक छोटा, जेल बॅटरीसाठीचा. दुसरा साध्या बॅटरीचा, लोखंडी पेटीतला, उचलताना मनगट भरून यावं असा. शेठनी नुसतं 'कुठला नेऊ?' विचारलं असतं, तरी तो खरं सांगणार होता. तेवढ्यासाठी तो थांबलाही.

शेठनी छोटा चार्जर बोटाने बाजूला सारला. "हे खेळणं कशाला? तो जड आहे तो दे."

"एकदा बघून घ्या शेठ. जेलला..."

"तू मला शिकवणार? तीस वर्षं गॅरेज चालवलंय मी!"

लहानूचे कान तापले. पुढचं वाक्य त्याने गिळलं. मोठा चार्जर कागदात गुंडाळला, सुतळीने बांधला आणि स्वतः शेठच्या गाडीत नेऊन ठेवला.

"जावईबापूंना आवर्जून सांगा शेठ," गाडीचं दार लावताना तो अदबीने म्हणाला, "चार्जर तुम्ही स्वतः पसंत केलाय."