रिकाम्या पोटाचा डबा

सर्जनबाईंनी म्हातारीचा उजवा पाय सरळ केला, बाहेरच्या अंगाला नेला आणि आत वळवला. म्हातारीने अशी सणसणीत शिवी हासडली की पलीकडच्या खाटेवर सकाळपासून बेशुद्ध असलेल्या माणसाने डोळे उघडले. सिस्टर आजही हे शपथेवर सांगतात.

"पोट दुखतंय माझं! पाय काय पिळतेस, मेले?"

"पोटासाठीच पिळतेय, आजी. कळ कुठवर गेली?"

"मांडीच्या आतून थेट गुडघ्यात. सोड आता, दुमडू दे. दुमडला की बरं वाटतं."

"मॅडम, गुडघ्याचं राहू द्या हो," म्हातारीचा मुलगा म्हणाला. "त्याला आमचे हाडांचे डॉक्टर आहेत. तुम्ही ओकाऱ्यांचं बघा."

म्हातारीच्या अंगावर मांस म्हणून नव्हतं. पंखा लावला की चादर दोन्ही बाजूंनी खोचावी लागे, नाहीतर चादरीबरोबर तीही उडाली असती. पोट तेवढं नगाऱ्यासारखं तट्ट फुगलेलं.

बाईंना जे हवं होतं ते त्या शिवीतच मिळालं होतं. कमरेच्या हाडात खाली एक भोक असतं. अंगावर चरबी आहे तोवर ते बुजलेलं राहतं. माणूस वाळला की मोकळं होतं, आणि एखाद्या दिवशी आतड्याचं वेटोळं त्यात शिरून अडकतं. शेजारची नस चेपते, म्हणून गुडघा बोंबलतो. बाहेरून गाठ ना दिसते, ना हाताला लागते. बहुतेक सर्जन हा आजार परीक्षेत लिहितात आणि निवृत्त होईपर्यंत पुन्हा त्याचं तोंड बघत नाहीत.

मोठे सर आले. मागे शिकाऊ डॉक्टरांची वरात. त्यांनी एक्सरे उजेडाकडे धरला, म्हातारीच्या पोटावरचा जुना व्रण बघितला.

"कधीकाळी पित्ताशय काढलंय. आतडी आत चिकटली असणार. नाकातून नळी घाला, सलाईन लावा. उद्यापर्यंत सुटेल आपोआप."

"उद्यापर्यंत काळं पडेल, सर. हाडाच्या भोकात अडकलंय."

"स्कॅनमध्ये दिसतंय?"

"मशीन बंद आहे. त्याचंच पोट उघडून दुरुस्तीवाला बसलाय."

"मग कशाच्या जोरावर बोलताय?"

"गुडघ्याच्या."

वरात खुदखुदली. सरही हसले. "बाई, डबा अजून तुमच्याच टेबलावर आहे ना?"

होता. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, पोचे आलेला. पोट उघडून आत काहीच सापडलं नाही, तर हा डबा त्या सर्जनच्या टेबलावर जायचा आणि पुढचा फसेपर्यंत तिथेच मुक्काम करायचा. येणारा-जाणारा त्यावर टिचकी मारणार, हा रिवाज. बाईंनी हॉस्पिटलच्याच पहारेकऱ्याचं पोट उघडलं होतं. आत सगळं जागच्या जागी, जणू तेही पहाऱ्यावर. तेव्हापासून टिचक्या ऐकून ऐकून त्यांचे कान किटले होते.

"पुन्हा रिकामं निघालं," सर हसू आवरत म्हणाले, "तर चाकूला हात लावायचा नाही. बाहेर बसून पेशंट तपासायचे. चालेल?"

"चालेल."

"मॅडम, मोठे साहेब सांगतायत तर थांबू या ना," मुलगा काकुळतीला आला. "या वयात कशाला चिरफाड?"

"वय माझं, पोट माझं. तू कोण रे ठरवणारा?" म्हातारी कण्हत उठू लागली. "माझ्या गुडघ्याचं आजवर कुणी ऐकलं नाही, ते हिने ऐकलं. चल गं, काप. साहेबांना वाट बघायची हौस असेल तर बाहेर बाक आहे."

अडलं ते दातांपाशी. कवळी काढल्याशिवाय भूल देता येईना, आणि म्हातारी कवळी कुणाच्या हाती देईना. मागे एकदा अशीच काढून ठेवली होती, ती सापडलीच नाही म्हणे.

बाई तडक आपल्या खोलीत गेल्या आणि डबा घेऊन आल्या. सगळ्यांदेखत झाकण उघडून पुढे धरला.

"यात दात ठेवा. शुद्धीवर आलात की तुमच्या हाताने काढायचे."

म्हातारीने एकदा डब्याकडे बघितलं, एकदा बाईंकडे. खळ्ळकन दात आत पडले.

पोट उघडलं. फुगलेली आतडी हाताने बाजूला सारत बाई खाली खाली गेल्या. एके ठिकाणी आतडं एकदम निमुळतं होऊन हाडाकडे गेलं होतं. सुजलेल्या बोटात अंगठी रुतावी तसं भोकात रुतलेलं. बाईंनी कड जरा सैल केली, हलकेच ओढलं. वेटोळं सुटलं. रंग जांभळाच्याही पुढचा. गरम पाण्यात भिजवलेलं फडकं त्यावर ठेवून रंग परततो का याची वाट बघत त्या उभ्या राहिल्या. दाराच्या काचेला मोठ्या सरांचं नाक लागलेलं.

फडकं उचललं. कडेने गुलाबी होत होतं. मग एक लाट आतड्यावरून सरकत गेली, झोपलेल्याने कूस बदलावी तशी.

बाईंनी भोक शिवून टाकलं. काचेवर वाफेचा एक गोल तेवढा उरला होता.

म्हातारीच्या नळ्या निघाल्या त्या सकाळी सर वरातीसकट वॉर्डात आले. म्हातारी पाय लांब करून, हवा तसा वळवून बसली होती. उशाशी डबा.

"कसं काय, आजी?"

म्हातारीने बोट वर करून थांबा म्हटलं. डबा उघडला, दात काढले, शांतपणे बसवले, दोनदा चावून बघितलं. मग झाकण लावून डबा सरांच्या हातात दिला.

"घ्या. माझं काम झालं. तुमचाच ना?"

सर डबा धरून उभे राहिले. ठेवायला जवळपास टेबल नव्हतं. बाई खाली मान घालून टाके बघत होत्या.

वरातीतून कुणाचं तरी बोट पुढे आलं आणि डब्यावर टण्णकन वाजलं.